विहिरीवरील मोडेम : आज्ञा आणि तिचे उत्तर

नागपूर शहराच्या सदर भागातून काटोलचा रस्ता निघतो. कळमेश्वर मागे टाकून तो संत्र्याच्या बागाइतीत शिरतो. काटोलपर्यंतचे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे. सदरमधील मंगळवारी बाजारात उभा असलेला काटोलकडचा बागाईतदार आज खिशातील मोबाईल काढून आपल्या विहिरीवरची मोटार सुरू करू शकतो. हे ज्या पेटीमुळे साधते तिला गावोगावी ‘मोबाईल स्टार्टर’ असे नाव पडले आहे. पेटी विकत आणणे व भिंतीला ठोकून घेणे यास फारसा वेळ लागत नाही. अडचण पुढे येते. एके दिवशी पेटी बोलेनाशी होते, ती बसविणारा कारागीर दूर असतो, आणि पेटी दुरुस्तीसाठी शहराकडे रवाना होते. ती परत येईपर्यंत मालकाच्या रात्रीच्या फेऱ्या पुन्हा सुरू होतात. पुष्कळदा बिघाड असा असतो की, पेटीतील मोडेमला चार प्रश्न विचारले असते तर तो विहिरीवरच सापडला असता. हे प्रश्न कसे विचारावयाचे आणि येणाऱ्या उत्तराचा अर्थ कसा लावावयाचा, याची माहिती गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्यास असणे इष्ट आहे.

रात्रीची फेरी ही किरकोळ गोष्ट नव्हे. सौर वाहिनीवर न आलेल्या शेतीच्या वाहिन्यांना महावितरण पाळीपाळीने दिवसा व रात्री वीज पुरविते. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना सुरू झाली व २०२३ साली तिचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला. परंतु रात्रपाळी अद्याप सर्वत्र संपलेली नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात विहिरीवर जाणाऱ्यास साप-विंचवाचे भय असते, ओल्या जमिनीवर उभे राहून स्टार्टरला हात लावताना विजेचा धक्का बसण्याचे भय असते, आणि विदर्भात जंगलालगतच्या गावांतून वाघ-बिबट्याचेही भय असते. एवढे करून विहिरीवर पोहोचावे तो वीज गेलेली असावी, हा अनुभव कोणत्याही बागाईतदारास नवा नाही.

या प्रश्नावर महाराष्ट्रात फार पूर्वीच विचार झाला. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ नावाचे यंत्र तयार केले. त्यात स्टार्टरला एक साधा मोबाईल संच जोडीत. शेतकरी त्या संचाला दूरध्वनी करून ठराविक अंक दाबी व मोटार सुरू किंवा बंद करी. विहिरीवर वीज आहे की नाही हेही त्याला ऐकू येणाऱ्या आवाजावरून समजे. या यंत्रास २००९ साली नोकिया कंपनीने भरविलेल्या स्पर्धेत उदयोन्मुख बाजारपेठांच्या गटात पहिले पारितोषिक मिळाले. पुढे निघालेल्या अनेक पेट्यांत अखंड मोबाईल संचाची जागा एका लहानशा मोडेमने घेतली. बोटाच्या दोन पेरांएवढ्या या चकतीला पडदा नाही, कळा नाहीत, ध्वनिवर्धक नाही. तिच्याशी बोलावयाचे ते केवळ अक्षरे टंकून.

मोडेम हे नाव मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर या दोन शब्दांची डोकी जोडून बनलेले आहे. यंत्रातील अंकांचे तारेवरून अगर हवेतून जाणाऱ्या लहरींत रूपांतर करणे व आलेल्या लहरींचे पुन्हा अंक करणे, हे त्याचे काम. पेटीत त्याच्या शेजारी नियंत्रक नावाचा दुसरा एक भाग असतो. तो विजेचे तिन्ही फेज पाहतो, मोटारीचा प्रवाह मोजतो, रिले ओढून स्टार्टर चालू करतो, आणि बाहेरच्या जगाशी बोलावयाचे झाले की मोडेमला लेखी आज्ञा देतो. म्हणजे पेटीच्या आत दिवसरात्र एक पत्रव्यवहार चालू असतो. कार्यकर्त्याने करावयाचे ते इतकेच की, थोडा वेळ नियंत्रकाच्या जागी बसून तीच पत्रे आपण लिहावयाची.

आज्ञांची भाषा कोठून आली

या भाषेचा उगम शेतीत नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील डेनिस हेज यांच्या कंपनीने १९८१ साली ‘स्मार्टमोडेम’ बाजारात आणला. त्यापूर्वी संगणक दूरध्वनीच्या तारेला जोडावयाचा तर बहुधा माणसाने रिसीव्हर उचलून क्रमांक फिरवावा लागे. क्रमांक फिरविण्याचे कामही संगणकानेच करावे असे ठरविले, तेव्हा एक पेच उभा राहिला. संगणकाकडून मोडेमकडे जाणारी वाट एकच होती. त्याच वाटेने दूरच्या माणसाला पाठवावयाचा मजकूर जाणार आणि त्याच वाटेने मोडेमला द्यावयाची आज्ञाही जाणार. मग अमुक अक्षरे पुढे पाठवावयाची व तमुक अक्षरे स्वतः पाळावयाची, हे मोडेमने ओळखावे कसे?

दवंडी पिटणारा आधी डफावर थाप मारतो आणि मग बोलतो. थाप ऐकली की गाव कान टवकारतो. मोडेमच्या भाषेत ही थाप म्हणजे ‘एटी’ ही दोन अक्षरे होत. ‘लक्ष द्या’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दातून ती घेतली आहेत. जवळजवळ प्रत्येक आज्ञेची सुरुवात यांनीच होते. ‘एटीडी’ व पुढे क्रमांक लिहिला की मोडेम तो क्रमांक लावतो, ‘एटीए’ लिहिले की आलेला दूरध्वनी उचलतो, ‘एटीएच’ लिहिले की ठेवून देतो. संभाषण चालू असताना मध्येच आज्ञा द्यावयाची तर क्षणभर गप्प राहावयाचे, लागोपाठ तीन अधिकचिन्हे टंकावयाची आणि पुन्हा क्षणभर गप्प राहावयाचे. मजकुराच्या ओघात तीन अधिकचिन्हे सहज येऊन गेली तर त्यांचा अर्थ आज्ञा असा होऊ नये, म्हणून ही आधीची व नंतरची शांतता राखलेली आहे. युक्ती साधी असली तरी इतकी सोयीची ठरली की इतर कंपन्यांनीही तीच भाषा उचलली. पुढे मोबाईल दूरध्वनीचे युग आले तेव्हा आंतरराष्ट्रीय मानकांत तिच्यात नव्या आज्ञांची भर पडली. या नव्या आज्ञांत ‘एटी’नंतर अधिकचिन्ह येते. काटोलच्या विहिरीवरील मोडेम आजही १९८१ सालच्या त्या दोन अक्षरांनाच जागा होतो.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांचा या भाषेशी अप्रत्यक्ष संबंध ऊस-पट्ट्यात आला. वारणानगर परिसरातील सुमारे ७० गावांत १९९८ साली संगणक केंद्रे उभारण्याची योजना सुरू झाली व कारखान्याला घातलेल्या उसाचा हिशेब गावातच पाहण्याची सोय झाली. पुढे २००६ च्या सुमारास तेथील सात गावांत आठ महिने एक प्रयोग करण्यात आला. त्यात गावचा संगणक बाजूस ठेवून शेतकऱ्याने मोबाईलवरून लघुसंदेश पाठवावा व उत्तरही लघुसंदेशानेच यावे अशी व्यवस्था होती. ती स्वस्त पडली व शेतकऱ्यांना अधिक पसंत पडली. पंपाच्या पेटीत हाच व्यवहार मोटारीच्या बाबतीत चालतो, एवढाच काय तो फरक.

पेटीसमोर बसण्यापूर्वी

पेटीत मोडेमला लागणारा दाब अवघा चार व्होल्टच्या आसपास असतो, परंतु त्याच पेटीत वीतभर अंतरावर ४०० व्होल्टच्या तीन फेजच्या तारा येतात. सबब मुख्य स्विच पाडून, फ्यूज काढून खिशात ठेवल्याखेरीज पेटीचे झाकण उघडू नये. मोडेमच्या तपासणीपुरती वीज पेटीतील बॅटरीतून मिळते. तशी सोय नसेल तर तपासणी विजेच्या माहितगार कारागिराच्या हजेरीतच व्हावी. पेटी हमीच्या मुदतीत असेल तर झाकण उघडल्याने हमी जाते की काय, हेही आधी पाहावे.

मोडेमच्या पट्टीवर तीन तारा जोडावयाच्या असतात : पाठविण्याची, घेण्याची व समाईक. संगणकाकडील पाठविण्याची तार मोडेमच्या घेण्याच्या टोकास जावयास पाहिजे. सरळ जोडल्यास दोघेही बोलतात आणि कोणीच ऐकत नाही. यासाठी यूएसबीची जी जोडतार बाजारात मिळते तिचा दाब मोडेमला सोसेल असाच असावा. ५ व्होल्टची जोडतार लावून मोडेम कायमचा गमावल्याची उदाहरणे घडतात. त्या वेळेपुरता नियंत्रक मोडेमपासून वेगळा करावा, नाहीतर एका मोडेमला दोन धनी होतात. संगणकावर अगर मोबाईलवर टर्मिनलचा प्रोग्राम उघडून वेग ९६०० किंवा ११५२०० ठेवावा. पेटीसोबत आलेल्या पुस्तिकेत तो दिलेला असतो. पुढील आज्ञा येथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टंकताना त्या रोमन अक्षरांतच टंकावयाच्या आहेत.

पहिली आज्ञा ‘एटी’. उत्तर ‘ओके’ आले की मोडेम जिवंत आहे, तारा नीट आहेत व वेग जुळला आहे, या तिन्ही गोष्टी एकदम सिद्ध होतात. काहीच उत्तर आले नाही तर घाईने मोडेम मेला असे समजू नये. वेग बदलून पाहावा, दोन तारांची अदलाबदल करून पाहावी. आणखी एक कारण नवख्यास हमखास चकविते. आज्ञेच्या शेवटी ‘एंटर’ची जी खूण मोडेमला लागते ती काही प्रोग्राम पाठवीतच नाहीत, त्याऐवजी नव्या ओळीची खूण पाठवितात. मग मोडेम वाक्य पूर्ण होण्याची वाट पाहत बसतो. प्रोग्रामच्या मांडणीत ही खूण बदलता येते. कधी टंकलेली अक्षरे पडद्यावर दिसत नाहीत, पण ‘ओके’ मात्र येते. अशा वेळी मोडेमचा प्रतिध्वनी बंद केलेला असतो. ‘एटीई१’ लिहिले की अक्षरे दिसू लागतात.

दुसरा प्रश्न सिमकार्डाविषयी : ‘एटी+सीपीआयएन?’. उत्तरात ‘रेडी’ हा शब्द आला तर कार्ड ठीक आहे. त्याऐवजी चुकीचा आकडा आला तर १० म्हणजे कार्ड बसलेलेच नाही, ११ म्हणजे कार्डास गुप्तांक लावलेला आहे, १२ म्हणजे तो गुप्तांक तीनदा चुकून कार्डास कुलूप पडले आहे. आकडा न येता नुसते ‘एरर’ आले तर आधी ‘एटी+सीएमईई=१’ ही आज्ञा द्यावी, म्हणजे मोडेम कारण आकड्यात सांगू लागतो. कार्ड पेटीत घालण्यापूर्वी ते साध्या मोबाईलमध्ये घालून त्याचा गुप्तांक काढून टाकणे उत्तम.

तिसरा प्रश्न सर्वांत उपयोगाचा, आणि त्याबद्दल थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. ‘एटी+सीएसक्यू’ लिहिले की मोडेम दोन आकडे देतो. त्यातील पहिला आकडा मनोऱ्याकडून येणाऱ्या लहरींचा जोर दर्शवितो. तो ० ते ३१ यांच्या दरम्यान असतो. ९९ आला तर जोर मोजताच आला नाही असे समजावे. साधारण १० च्या खाली काम बेभरवशाचे होते व १५ च्या वर निर्धास्त चालते. पंपाची खोली दगडी अगर विटांची असते, वर पत्रे असतात, खोलीत लोखंडी पेटी आणि पेटीत मोडेम. लहरींनी आत शिरावे कोठून? खोलीच्या दारात मालकाच्या मोबाईलवर चार रेघा दिसतात, म्हणून पेटीतही तितकाच जोर असेल असे धरून चालू नये. अँटेना पत्र्याच्या वर बांबूला बांधून पुन्हा तीच आज्ञा द्यावी व आकडा ताडून पाहावा. केवळ एवढ्याने ७ चे १७ झाले तर पेटी शहरात नेण्याचे कारणच उरत नाही. अँटेनाची तार मात्र नाहक लांब ठेवू नये, कारण तारेतही जोर खर्ची पडतो. ही मोजणी सकाळी, दुपारी व रात्री अशी तीनदा करून आकडे पेटीच्या आतील बाजूस खडूने लिहून ठेवावे. पुढे बिघाड आला की तुलनेस ते उपयोगी पडतात.

जोर पुरेसा असूनही जाळ्यात नाव नोंदले गेले आहे की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. तो ‘एटी+सीआरईजी?’ या आज्ञेने विचारतात. उत्तरातील दुसरा आकडा पाहावा. १ किंवा ५ असेल तर नोंद झाली. २ असेल तर मोडेम अद्याप शोधात आहे. ३ असेल तर कंपनीने नोंद नाकारली. सिम बंद पडले असेल तर बहुधा हा ३ दिसतो. येथे एक व्यवहाराची गोष्ट ध्यानात ठेवावी. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे ९० दिवस काहीच वापर नसलेले व २० रुपयांपेक्षा कमी शिल्लक असलेले कार्ड कंपनी बंद करू शकते. पंप मृगाच्या पावसाबरोबर थांबतो व रब्बीलाच पुन्हा लागतो. म्हणजे ९० दिवस सहज उलटतात. दिवाळीच्या सुमारास ‘पेटी बिघडली’ म्हणून जी ओरड होते तिचे मूळ कित्येकदा पेटीत नसून कार्डात असते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा पेटीस स्थितीविषयी संदेश विचारावा व शिल्लक राखावी.

जाळ्याची पिढी हाही मुद्दा आहे. जुन्या व स्वस्त पेट्यांतील मोडेम २जी जाळ्यावरच चालतात. जिओच्या जाळ्यात २जी मुळीच नाही. त्यामुळे त्या कंपनीचे कार्ड अशा पेटीत घातले तर नोंद कधीच होणार नाही, मग जोर कितीही असो. ४जी मोडेममध्ये नोंद विचारण्याची आज्ञा ‘एटी+सीईआरईजी?’ अशी असते. नवी पेटी घेताना ती कोणत्या पिढीवर चालते हे विचारल्यावाचून पैसे देऊ नयेत.

संदेश जातो कसा

मंगळवारी बाजारातून पाठविलेला संदेश थेट काटोलला जात नाही. तो सदरच्या मनोऱ्यावरून कंपनीच्या संदेश-केंद्रात जातो, तेथे साठविला जातो, आणि विहिरीवरचा मोडेम जाळ्यात हजर असेल तेव्हाच त्याच्याकडे रवाना होतो. मोडेम हजर नसेल तर संदेश केंद्रात थांबून राहतो. टपाल कचेरीत पडून राहिलेल्या पत्रासारखाच हा प्रकार आहे, आणि त्यातून एक धोका उद्भवतो. दुपारी २ वाजता ‘मोटार सुरू कर’ असा संदेश पाठविला, पेटीची बॅटरी उतरलेली होती, आणि रात्री ९ वाजता वीज येऊन मोडेम जागा झाला, तर त्याच क्षणी दुपारची आज्ञा त्याच्या हाती पडेल. मालकाने मधल्या वेळात बेत बदलला असेल, कोणी पाइप उघडून ठेवला असेल. मोडेमला त्याची वार्ता नसते.

यावर उपाय त्याच भाषेत आहे. ‘एटी+सीएमजीएफ=१’ अशी आज्ञा देऊन ‘एटी+सीएमजीआर=१’ लिहिले की कार्डातील पहिल्या जागेवरचा संदेश वाचता येतो व त्याच्यासोबत तो संदेश-केंद्रात कधी आला ते तारीख व वेळेसह दिसते. वेळेच्या शेवटी +२२ असा आकडा येतो, तो पाहून गोंधळू नये. जागतिक वेळेपासूनचा फरक पाव तासांत मोजतात, आणि भारताचे साडेपाच तास म्हणजे २२ पाव तास. चांगला नियंत्रक ही वेळ पाहून शिळी आज्ञा टाकून देतो. आपली पेटी तसे करते की नाही, हे एकदा मोडेमची अँटेना काढून, संदेश पाठवून व अर्ध्या तासाने अँटेना लावून पाहावे. अर्थात त्या वेळी मोटारीचे फ्यूज काढलेले असावे.

मोडेमकडून संदेश पाठवावयाचा तर ‘एटी+सीएमजीएस=’ लिहून पुढे अवतरणचिन्हांत क्रमांक द्यावयाचा. मोडेम ‘>’ अशी खूण दाखवून थांबतो. मग मजकूर लिहून शेवटी कंट्रोल व झेड या दोन कळा एकदम दाबावयाच्या. पेट्यांचे संदेश इंग्रजीत का येतात, असे शेतकरी विचारतात. रोमन लिपीतील एका संदेशात १६० अक्षरे मावतात, देवनागरीत मात्र ७०. शिवाय देवनागरी पाठविण्यास मोडेमला निराळी सांकेतिक मांडणी द्यावी लागते. ती अवघड नाही. ‘मोटार चालू, प्रवाह ९’ एवढे सांगण्यास ७० अक्षरे पुरून उरतात, आणि कारखानदारांनी तो त्रास घ्यावयास हवा.

संदेशाऐवजी नुसता दूरध्वनी वाजवून मोटार चालू करण्याची सोय अनेक पेट्यांत असते. दूरध्वनी साठून राहत नाही, लागला तर लागला, म्हणून शिळ्या आज्ञेचा धोका त्यात नाही. यासाठी मोडेमला ‘एटी+सीएलआयपी=१’ ही आज्ञा दिलेली असावी लागते; तिच्यायोगे वाजणाऱ्या प्रत्येक घंटेसोबत समोरच्याचा क्रमांक नियंत्रकास कळतो. क्रमांक यादीत असेल तरच त्याने मोटारीस हात लावावा. यादी रिकामी ठेवलेली पेटी कोणाच्याही चुकीच्या क्रमांकाने सुरू होऊ शकते. कारखान्यातून आलेला १२३४ हा गुप्तांक तसाच ठेवणे म्हणजे गोठ्याला कडी घालून किल्ली कडीलाच अडकविण्यासारखे आहे. याच विभागातील एक जुना बिघाड : पेटी पहिल्याच घंटेला दूरध्वनी उचलते व मोटार हलत नाही. ‘एटीएस०?’ विचारावे. उत्तर ००१ असे काही आले तर मोडेम आपण होऊन उचलीत आहे; ‘एटीएस०=०’ करून ‘एटी&डब्ल्यू’ने ते जतन करावे. ‘एटी&एफ’ ही मूळ कारखान्याची मांडणी परत आणणारी आज्ञा मात्र सहज म्हणून कधीही देऊ नये.

‘ओके’चा अर्थ

मोडेमने ‘ओके’ म्हटले याचा अर्थ त्याला दिलेली आज्ञा त्याने पार पाडली, इतकाच. संदेशाच्या बाबतीत ‘ओके’ म्हणजे संदेश जाळ्याने स्वीकारला. मालकाने वाचला असे नव्हे. आणि मोटार फिरली असे तर मुळीच नव्हे. रिले ओढला गेला तरी स्टार्टरचा संपर्क जळालेला असू शकतो, एक फेज गेलेला असू शकतो, मोटार फिरूनही फूटव्हॉल्व्ह गळका असल्याने पाणी चढलेले नसू शकते. खरी साक्ष प्रवाहाची. मोटारीच्या तारेवर प्रवाह मोजणारे कडे बसविलेले असले व उत्तरात तो आकडा येत असला तरच पेटीवर विसंबावे. पाणी ओढणाऱ्या मोटारीचा नेहमीचा प्रवाह समक्ष उभे राहून एकदा मोजून ठेवावा. उत्तरातील आकडा शून्य आला तर मोटार बंद आहे, नेहमीपेक्षा बराच कमी आला तर ती कोरडी फिरत असावी, आणि फार जास्त आला तर ताबडतोब बंद करावी. आंबिया बहाराचा ताण तोडताना, जानेवारीत, पहिले पाणी हलके व वेळेवर मिळावे लागते. त्या दिवशी केवळ ‘मोटार चालू’ या शब्दांवर विश्वासून सदरमध्ये बसून राहिलेल्या बागाईतदाराचे झाड कोरडेच राहिले, तर त्याचा दोष मोडेमकडे जात नाही.

याची उलट बाजू अधिक गंभीर आहे. जी मोटार ६० किलोमीटरवरून सुरू होते ती विहिरीत माणूस उतरला असतानाही सुरू होऊ शकते. पूर्वी मोटार चालू करणारा मनुष्य विहिरीच्या काठीच उभा असे, व खाली कोण आहे ते त्याला दिसे. आता तो कोठेही असू शकतो. घरात दोघातिघांच्या मोबाईलवर क्रमांक असतो. म्हणून विहिरीत उतरणाऱ्याने अगर मोटारीस हात लावणाऱ्याने आधी मुख्य स्विच पाडावा, तिन्ही फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवावे, आणि मगच कामास लागावे. ‘सर्वांना सांगून ठेवले आहे’ हे पुरेसे नाही. केंद्रात साठलेल्या संदेशाला कोणी सांगून ठेवलेले नसते. प्रत्येक पेटीवर ‘मोटार दुरून सुरू होते’ अशी ठळक अक्षरांची पाटी मालकाने स्वतः रंगवून लावावी.

शेवटी ऑटोस्विचविषयी. पुष्कळ पेट्यांत वीज आली की मोटार आपोआप सुरू करण्याची मांडणी असते. वाहिनीवर वीज येताच एका रोहित्रावरील सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, दाब खाली जातो, आणि रोहित्र जळते. मग आठवडा-आठवडा कोणाच्याच बागेला पाणी नाही. ऑटोस्विच काढून कॅपॅसिटर बसवावे असे आवाहन महावितरण वारंवार करीत आले आहे. मोडेम असलेल्या शेतकऱ्यास ऑटोस्विचची गरजच उरत नाही. वीज आली की पेटीने त्यास कळवावे व त्याने आपल्या वेळी आज्ञा द्यावी. आपोआप सुरू होणे सोडवतच नसेल तर निदान एका रोहित्रावरील शेतकऱ्यांनी एकत्र बसून आपापल्या पेट्यांत निरनिराळा विलंब घालावा : पहिल्याने १ मिनिट, दुसऱ्याने ३, तिसऱ्याने ५ याप्रमाणे. विलंबाचा आकडा पेटीस संदेशानेच देता येतो. त्याची नेमकी शब्दरचना प्रत्येक कारखान्याची वेगळी असल्याने ती पुस्तिकेतून उतरवून घ्यावी, आणि कोणत्या विहिरीला किती मिनिटे दिली त्याची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी.